दिवाळीसाठी बोळक्यांचं तोरण केलं त्याचा अनुभव

लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे भरायला बोळकी लागतात ती आम्ही दरवर्षी मंडईतून आणतो, पण यंदा डोक्यात खूळ शिरलं की अंगठ्याएवढी बोळकी स्वतः करायची आणि त्यांचं दाराला तोरण लावायचं. ऑनलाइन रेडीमेड मिळतं की, हे नवऱ्याने ऐकवून झालं होतंच.

गणपतीतली शाडू घरात उरलेली होती पण ती नुसती वाळवलेली राहते, पाणी लागलं की विरघळली, आणि मला दरवर्षी काढून लावता येईल असं काहीतरी हवं होतं म्हणजे भाजणं आलंच. म्हणून पुण्यात मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारवाड्यात गेले. तिथल्या एका काकूंनी मळलेली तयार माती दिली आणि म्हणाल्या, आधी बघ जरा. काका चाकावर बसले होते. मला वाटायचं प्रत्येक बोळक्याला वेगळा छोटा गोळा घेत असतील, तर नाही, चाकावर मातीचा मोठा ढीग एकच, त्याच्या शेंड्यावर दोन बोटांनी बोळकं काढायचं, दोऱ्याने कापायचं, बाजूला ठेवायचं की लगेच खालच्या मातीतून दुसरं. बोलता बोलता फळी भरली त्यांची! मी बसले तर प्रत्येक वेळी बोळक्याची मान पिळवटून तुटायची. लहान आहे म्हणजे सोपं असेल हा समज तिथेच गेला, मोठ्या माठात थोडं इकडेतिकडे चालून जातं, इथे केसाएवढा फरक पण दिसतो.

मग घरी येऊन सरळ हातानेच केली. सुपारीएवढी गोळी, पेन्सिलच्या मागच्या टोकाने खड्डा, मग चिमटीत फिरवत फिरवत काठ वर काढायचा. ओवायची भोकं अर्धवट वाळल्यावर खराट्याच्या काडीने पाडायची, ओलं असताना पाडली तर बोळकंच चेपतं आणि पूर्ण वाळल्यावर तडकतं. आणि भोक जरा मोठंच ठेवा कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते, नंतर सुतळी जात नाही.

वाळवणं हा खरा पेशन्सचा भाग. उन्हात ठेवायची नाहीत, पंखा नाही, सावलीत वर्तमानपत्राखाली, आणि ऑक्टोबर असून पाऊस चालूच त्यामुळे काही केल्या वाळेनात. काकूंनी सांगितलेली युक्ती भारी होती, बोळकं गालाला लावून बघायचं, गार लागलं तर आत ओल आहे. ओलं भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, शेजारच्यांना घेऊन फुटतं.

भाजायला काकूंकडेच दिली. एवढीशी बोळकी भट्टीत हरवतील म्हणून त्यांनी ती एका मोठ्या कुंडीत भरून आत ठेवली. काही तडकली, बाकी मस्त लाल होऊन आली, नखाने टिचकी मारली की खण्ण वाजतात. रंग म्हणाल तर गेरूवर चुन्याचे ठिपके, बास. ते सोनेरी ग्लिटर वगैरे मला तरी नाही आवडत, मातीचा रंग झाकायचा तर माती घ्यायची कशाला.

एक मात्र सांगते, भाजलेली बोळकी दिवाळीनंतर नदीत सोडू नका. ती विरघळत नाहीत, खापरं हजारो वर्षं टिकतात म्हणून तर उत्खननात सापडतात ना. फुटकी असतील तर कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवा, माती वाहून जात नाही.

आता सासूबाईंची ऑर्डर आलीय संक्रांतीच्या सुगडांची, आणि ती पण काळी. काकू म्हणाल्या काळी करायची तर भट्टी शेवटी बंद करून धूर आत कोंडावा लागतो, त्यांची तशी भट्टी लागेल तेव्हा फोन करते म्हणाल्यात.