दुपारी गळपटणारं फझ पेडल

मे महिन्यातली गोष्ट. ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, अँप, पेडल, कीबोर्ड असं सगळं रिपेअरिंगला येतं. त्या दिवशी दुपारी ऐरोलीहून एक मुलगी फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज जाड, फाटका करणारा पायाने दाबायचा डबा, घेऊन आली, आयटीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी बँड. "दादा, हे सकाळी घरी मस्त वाजतं पण दुपारी बाहेर नेलं की नोट फाटते, शेवटाला तर तुटतेच, आज संध्याकाळी उपवन तलावाला शो आहे, प्लीज ट्रान्झिस्टर बदलून द्या." आणि ऑनलाइन मागवलेली ट्रान्झिस्टरची महागडी जोडीच पुढे ठेवली.

म्हटलं आधी उघडू तर दे. आत फझ फेस नावाच्या पेडलचं सर्किट, १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेलं, गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गेलेलं तेच. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन पॉट (नॉबने कमी-जास्त होणारे रेझिस्टन्स), झालं. एवढ्याशा सामानातून तो भरदार आवाज निघतो याचं मला अजूनही प्रचंड अप्रूप वाटतं. ट्रान्झिस्टर एसी १२८, म्हणजे जर्मेनियम, सिलिकॉनच्या आधीचं जुनं मटेरियल.

या सर्किटमध्ये मी सगळ्यात आधी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर, मीटर लावतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तिथे साधारण साडेचार पाहिजेत, म्हणजे सिग्नलच्या लाटेला वर-खाली दोन्हीकडे जागा मिळते. इथे साडेसहाच्या पुढे! एका बाजूला जागाच उरली नाही, मग नोट विरताना सिग्नल बारीक झाला की पलीकडे पोचतच नाही आणि तेच ते तुटणं.

तिला म्हटलं, मीटरकडे बघ हं. पहिल्या ट्रान्झिस्टरचं पत्र्याचं टोपण नुसतं चिमटीत धरलं, आकडा अजून वर सरकला. मग शेजारच्या चहावाल्याकडून बर्फ आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच टोपणाला टेकवला आणि तिला सांगितलं वाजव. आकडा हळूहळू खाली यायला लागला आणि तिने धरलेली नोट शेवटपर्यंत गोल, भरून वाजली. दोघंही बघतच राहिलो खरं तर, मला माहीत होतं काय होणार ते तरीसुद्धा.

कारण असं की जर्मेनियममध्ये लीकेज करंट, म्हणजे नको असताना झिरपणारा करंट, जास्त असतो आणि दर १० अंशांना तो साधारण दुप्पट होतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचं लीकेज वाढलं की दुसऱ्याचा करंट घटतो आणि कलेक्टर बॅटरीच्या बाजूला सरकतो. तिची नवी जोडीपण जर्मेनियमच होती, ती टाकून ठाण्याच्या उन्हात काय वेगळं होणार होतं? जोडी तशीच परत दिली. लोक ट्रान्झिस्टरच्या नंबरवर हजारो रुपये घालतात आणि बायस, म्हणजे कलेक्टरवरचा तो साडेचारचा आकडा, कोणी मोजतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग दुसऱ्या कलेक्टरवरचा ८.२ केचा रेझिस्टन्स काढला, तिथे ४.७ के आणि सिरीजमध्ये २२ केचा पॉट, म्हणजे तो फिरवून कलेक्टर परत साडेचारवर आणता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला सुट्या पार्ट्सचा डबा अशा वेळी कामाला येतो. आत प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) बसवूनही भागलं असतं, पण प्रीसेट एकदाच सेट होतो आणि हवा दिवसभर बदलते, म्हणून बॉक्सला भोक पाडून नॉब बाहेरच काढला. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरच्या पायाला क्रोकोडाइल क्लिप लावली, उष्णता क्लिपमध्ये जाते, जर्मेनियमला हे लाड लागतातच.

टोनचं एक वेगळंच होतं. तिच्या गिटारला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा जाड आवाजाचा पिकअप, खालच्या तारा गढूळ यायच्या, म्हणून इनपुटचा २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.२२ चा टाकला आणि लो ई, सगळ्यात जाड तार, एकदम मोकळी झाली. शिवाय तिने बफरवाला (सिग्नलला जोर देणारं सर्किट असलेला) ट्यूनर गिटार आणि फझच्या मधे लावलेला, तो फझच्या नंतर टाकायला लावला. या फझचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, फार कमी असतो, त्याला पिकअप थेट लागतो, मधे बफर आला की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जो सुंदर क्लीन टोन मिळतो तो जातो. हा क्लीन टोन तिने आधी कधी ऐकलाच नव्हता! व्हॉल्यूम खाली-वर करत बराच वेळ तेवढंच वाजवत बसली, शेवटी मीच म्हटलं अगं साउंडचेकला उशीर होईल, निघ आता.

रात्री तिचा मेसेज आला. दुपारी उन्हात नॉब बराच उजवीकडे होता, रात्री तलावावरून वारा सुटल्यावर कानाने ऐकत ऐकत डावीकडे आणला आणि एकही नोट तुटली नाही. आता बँडमधला दुसरा गिटारवाला त्याचं सिलिकॉनवालं फझ घेऊन येतोय, त्यात म्हणे रेडिओ ऐकू येतो.