वेलांटी काढून मात्रा

गेल्या दिवाळी अंकातल्या एका कथेबद्दल वाचकांची पत्रं अजून येतायत. बहुतेक पत्रांत एकाच वाक्याचं कौतुक असतं. कथेतली आई मुलाला म्हणते, ‘तेका एकदा घराक हाड.’ म्हणजे, त्याला एकदा घरी आण. संपादक ही पत्रं माझ्याकडे देतात, मी वाचते आणि लेखकाला पाठवते. पण ते वाक्य मूळ कथेत नव्हतं. ते माझ्या चुकीमुळे आलं, आणि त्या चुकीचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात 26 वर्षं हेच काम करते. लोकांना वाटतं, आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. ते तर आहेच, पण दिवाळी अंकांच्या हंगामात खरा वेळ खातात ते फॉन्ट. लेखक एका फॉन्टमध्ये टाइप करून पाठवतो, पानं दुसऱ्यात लागतात, आणि मधल्या मध्ये जोडाक्षरं मोडतात. या कथेत तर पहिल्याच पानावर ‘दर्या’चा ‘दऱ्या’ झाला होता. डोक्यावरचा रफार जाऊन त्या जागी आडवा अर्धा र बसला, की समुद्राच्या डोंगरदऱ्या होतात. ‘तो रात्रभर दऱ्यात होता.’ अशा 19 जागा मी हाताने दुरुस्त केल्या, एकही सुटू दिली नाही, आणि त्याचं मला समाधान वाटलं होतं. खरी चूक मी त्याच पानांवर करत होते.

कथा वेंगुर्ल्याची, 2018च्या पावसाळ्यातली. एक ट्रॉलरवरचा खलाशी, दुसरा बंदराजवळच्या रेशन दुकानात हिशेब लिहिणारा. 1 जूनला मासेमारी बंद होते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, त्यांच्यावर ताडपत्र्या चढतात, आणि एरवी घरी न दिसणारा माणूस 31 जुलैपर्यंत गावातच असतो. त्या 61 दिवसांत दोघांचं जमतं. पडक्या डच वखारीच्या भिंतीआड पाऊस चुकवत बसतात, जाळी दुरुस्त करतात, एकाच बिडीवर दोघांचं भागतं. 1 ऑगस्टला खलाशी पुन्हा निघून जातो. 6 सप्टेंबरला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल येतो, चहाच्या टपरीवरच्या टीव्हीवर सगळा गाव तो बघतो, हिशेबनीसही बघतो. ज्याला सांगायचं तो दर्यात, आणि तिथं रेंज नाही. दोन दिवसांनी बोट परत येते तोवर टपरीवर चतुर्थीच्या चाकरमान्यांच्या गाड्यांची चर्चा सुरू झालेली असते.

मी इतकी वर्षं प्रेमकथा तपासल्यात, पण या कथेने पहिल्या दिवशी मला घाम फोडला. कारण सर्वनामं. बाई आणि पुरुष असले की ‘तिने त्याच्याकडे पाहिलं’ म्हटलं की काम झालं. इथे ‘त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते’. कोणाचे हात? दर वेळी नाव घालावं तर हजेरीपट असल्यासारखं वाटतं. ‘खलाशाने हिशेबनिसाच्या खांद्यावर’ म्हटलं तर दोन प्रेमिकांचे दोन हुद्दे होतात. पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करत चौथ्या पानापर्यंत आले, तेव्हा लेखकाची रीत माझ्या लक्षात आली. घरात असतो तो ‘हा’, समुद्रावर जातो तो ‘तो’. ‘ह्याने त्याला विचारलं.’ बस. पहिल्या पानापासून त्याने हे पाळलं होतं, कुठेही न चुकता. शेजारणी आपापसांत नवऱ्याचं नाव न घेता ‘हा आला नाही अजून’ म्हणतात, तो ‘हा’. मी सगळी प्रश्नचिन्हं खोडरबराने पुसली.

मालक-संपादकांना मी हे उत्साहाने दाखवायला गेले. त्यांचं उत्तर होतं, ‘त्यापेक्षा एकाला बाई करून घ्या. सर्वनामांचा घोळही मिटेल आणि समोरच्या पानावर बँकेची जाहिरात आहे तिचाही.’ ते हे मनापासून म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि त्यांनी कथा आहे तशी घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मात्र वर चौकट टाकली, ‘समलिंगी प्रेमाची धाडसी कथा’. धाडस कुणाचं? दोन माणसं बिडी ओढत जाळं शिवतात, त्यात अंक काढणाऱ्याने स्वतःची पाठ थोपटून घ्यायचं कारण मला दिसत नाही.

आता माझी चूक. आमच्या अंकाचा जुना दंडक आहे, संवाद बोलीत असले तरी चालतील, पण पत्रं, निरोप, मेसेज असा ‘लेखी मजकूर’ प्रमाण भाषेत. कथेत खलाशी हिशेबनिसाला मोबाइलवर मेसेज करतो, ‘मी धक्क्यार वाट बघतंय.’ दंडकाप्रमाणे ते मी बदललं. शिवाय ‘मी’ला ‘बघतंय’ हे माझ्या डोळ्याला नपुंसकलिंगी, सरळ सरळ चुकलेलं दिसलं. पाठवणारा पुरुष आहे हे मला माहीत होतं. मी लाल पेनाने लिहिलं, ‘मी धक्क्यावर वाट बघतो.’ या बदलाला मला दहा सेकंदंही लागली नसतील.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी साडेनऊला कार्यालयात आले, तर बाकावर एक गृहस्थ बसलेले. साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट प्रवासात चुरगळलेला, मांडीवर पिशवी. आदल्या संध्याकाळी आमच्या डीटीपीच्या मुलाने त्यांना पानांची पीडीएफ पाठवली होती. ती बघून ते रात्रीच्या एसटीत बसले आणि आंबोली घाट चढून पुण्याला आले. फोन का नाही केला, असं मी विचारलं. ‘घरात भाऊ, वहिनी, नातवंडं. हे फोनवर बोलता आलं नसतं, ताई.’

पिशवीतून त्यांनी आधी आमसुलांची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि मग कागद. ‘111व्या पानावर बघतो कुणी केलं?’

‘मी.’

ते चिडले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेत समजावतात तसं. मालवणीत पुरुष असो की बाई, ‘मी बघतंय’, ‘मी येतंय’, ‘मी जातंय’ हेच म्हणतात. प्रमाण मराठीत तोंड उघडलं की बघतो की बघते हे सांगून टाकावंच लागतं. मालवणीत ‘मी’ म्हणणारा कोण, हे त्या शब्दावरून कळत नाही. त्यांची कथा त्यावर उभी होती. मुलाचा फोन ओट्यावर राहिलेला असतो. चौथी शिकलेली आई तो मेसेज अक्षर अक्षर लावून वाचते आणि समजते, पोराचं कुठल्या तरी मुलीशी जमलंय. त्या दिवसापासून ती ट्रंकेतल्या पाटल्या काढून पुसते आणि मुलाला म्हणत राहते, ‘तिका एकदा घराक हाड.’ मुलगा तिचा गैरसमज कधीच दूर करत नाही. कथा संपते तेव्हाही ती ‘तिची’ वाट बघत असते.

मी ही कथा दोनदा वाचली होती. आई ‘ती’ का म्हणते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. आई भोळी आहे, असं मनात धरून मी पुढे गेले. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांतसुद्धा बोलणाऱ्याच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला सांगितलंय. नियम मला पाठ आहेत. तरी दंडकाच्या नावाखाली मी तळकोकणातल्या एका माणसाच्या तोंडात पुण्याचं क्रियापद घातलं. आमच्या धंद्यात हे रोज होतं, आणि आम्ही त्याला शुद्ध करणं म्हणतो.

मी धावत छापखान्याला फोन लावला. दिवाळी अंक 16-16 पानांच्या फर्म्यांत छापला जातो. जो फर्मा तयार होईल तो यंत्रावर चढतो, सगळा अंक तयार होण्याची कोणी वाट बघत नाही. कथा 109व्या पानावर सुरू होत होती. सातवा फर्मा 112व्या पानाला संपतो, आणि तो रात्री छापून झाला होता. 4 हजार प्रती. आठवा संध्याकाळी चढणार होता.

मालक म्हणाले, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र टाकू. लेखक शांतपणे म्हणाले, ‘बघतो ऐवजी बघतंय वाचावे. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?’ मी म्हटलं, फर्मा पुन्हा छापा, माझ्या मानधनातून कापा. मालक गप्प राहिले. माझ्या मानधनात ते बसणारं नव्हतं, आणि हंगामात तेवढा कागद ऐन वेळी मिळतही नाही. लेखकांनीच हात वर करून तो विषय थांबवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मधून मधून कागद उलटायचे, पुन्हा पहिल्या पानावर यायचे. मी त्यांच्यापुढे दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा तो निवला.

तासाभराने त्यांनी माझ्याकडे लाल पेन मागितलं.

आठव्या फर्म्यात आईच्या तोंडी ‘तिका’ सहा ठिकाणी होतं. त्यांनी पहिल्या ‘ति’ची वेलांटी खोडली आणि समासात मात्रा काढली. तेका. मग दुसऱ्याची. सहाही. शेवटी आई पाटल्या हातात ठेवून म्हणते ‘सुनेक’, तिथे ‘होडयेक’ लिहिलं. एक ओळ वाढली नाही, पान हललं नाही. मी 26 वर्षांत इतकी अचूक दुरुस्ती पाहिलेली नाही. छापलेल्या ‘बघतो’तून आईला आता सगळं कळत होतं, आणि कळूनही ती त्यालाच घरी बोलवत होती. पाटल्या मोडून त्याच्या होडीला पैसे देत होती.

मी ते वाचलं आणि मला रडू आलं. मी म्हटलं, ‘हे जास्त चांगलं झालं.’ म्हणायला नको होतं.

ते पेनाला टोपण लावत होते. म्हणाले, ‘माझ्या आईने पाटल्या सुनेसाठीच ठेवल्या होत्या. अजून कपाटात आहेत.’ आई कधी गेली, तिला काही कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. दुपारी मी त्यांना स्वारगेटला सोडलं. चौकट छापू नका, नुसतं ‘कथा’ लिहा, एवढंच त्यांनी जाताना सांगितलं. चौकट 109व्या पानावर होती, म्हणजे तीही छापून झाली होती. मला ते त्यांना सांगवलं नाही.

अंक निघाला. पत्रं आली. कुणी लिहिलं, अशी आई सगळ्यांना मिळो. कुणी लिहिलं, ही आई आम्ही पाहिली आहे. एका मुलाने लिहिलं की अंक मुद्दाम स्वयंपाकघरात, त्या पानावर उघडा ठेवला. मी या पत्रांना खोटं म्हणू शकत नाही. पण ज्या माणसाने जे घडलं ते लिहिलं होतं, त्याच्याकडून मी, माझ्या एका क्रियापदाने, जे घडलं नाही ते लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, समुद्राकाठून असावा, वारा ऐकू येत होता. कथासंग्रह निघतोय, प्रुफं मीच बघावी अशी त्यांची इच्छा आहे. मग म्हणाले, ‘ती कथा कुठली घ्यायची, तिकाची की तेकाची? तुम्ही सांगाल ती.’

दोन्ही प्रुफं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकावर माझ्या लाल पेनाने ‘बघतंय’ खोडलेलं, दुसऱ्यावर त्यांच्या हाताच्या सहा मात्रा. आज आठवा दिवस, मी अजून त्यांना फोन केलेला नाही.