हेलिकॉप्टर का बोलवत नाहीत?

मार्च लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे डोंगर रात्री लाल दिसायला लागतात आणि माझ्यामागे तोच प्रश्न लागतो. महसूल खात्यात नोकरी झाली, आपत्तीची कामं अंगावर पडत राहिली, म्हणून लोकांना वाटतं याला ठाऊक असणार. "काय ओ, एवढं रान जळतंय, सरकारला एक हेलिकॉप्टर पाठवायला काय होतंय?" लग्नाच्या पंगतीत, चहाच्या गाड्यावर, खानापूरच्या बसमध्येसुद्धा. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

हेलिकॉप्टरं येतात. 2019 च्या फेब्रुवारीत बंडीपूरचं जंगल पेटलं तेव्हा हवाई दलाची आली. 2023 च्या मार्चमध्ये घाटाखाली गोव्यात, म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा हवाई दल आणि नौदल, दोघांचीही आली. खाली लोंबणाऱ्या बादलीतून एका खेपेला हजारो लिटर पाणी पडतं, बघायला छान वाटतं. पण पाणी कुठल्या धरणातून उचलायचं, कुठल्या कड्यावर ओतायचं, त्याआधी खालची माणसं बाजूला झालीत का, आणि ओतल्याबरोबर धुमसणारे ओंडके फोडायला कोण जाणार, हे कुणीतरी ठरवावं लागतं. नाहीतर पाणी झाडांच्या शेंड्यांवर पडतं, आणि बुंध्याशी पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, दडलेली आग थोड्या वेळाने परत डोकं वर काढते. आपल्याकडे खरी उणीव आहे ती हे ठरवणाऱ्या पथकाची. पाणी आणि माणसं त्यामानाने लवकर जमतात.

एका वर्षीचा वणवा मी जवळून पाहिला. साल आणि खातं राहू दे, कारण दोष कुणा एकाचा नव्हताच. जीप डांबरी रस्त्यापर्यंतच जाते, म्हणून सगळे त्याच अंगाला जमलेले. वनखात्याचे वॉचर, गावची पोरं, ओल्या डहाळ्या घेऊन आलेले शेतकरी. टँकर उभा, पण पाइप आगीपर्यंत पोचेना. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला काजूच्या बागा, आणि तिथे फक्त दोन घरची माणसं झटत होती. जेवणाची पाकिटं वेळेवर आली, पण शाळेत, माणसं वर. दुपारी एका टोळीने खालून उलटी आग लावली, म्हणजे वणवा यायच्या आत मधलं गवत जाळून टाकायचं. उपाय बरोबरच होता. फक्त त्याच वाटेने थोड्या वेळापूर्वी काही पोरं वर चढली होती, हे त्या टोळीला माहीत नव्हतं. एका गवळ्याने हाका मारून त्यांना ओढ्याच्या पात्रातून खाली काढलं, म्हणून निभावलं.

अंधार पडल्यावर एक बाई येणाऱ्या प्रत्येक जीपपाशी जाऊन मुलाचं नाव घेऊन विचारत होती. कुणालाच सांगता येईना. वर किती जण गेले ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मुलगा दुसऱ्या वाटेने आधीच घरी पोचला होता.

अमेरिकेत हे असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर झालं. 1970 साली दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे चालले, सोळा माणसं गेली, शेकडो घरं जळली. नंतर चौकशी झाली तेव्हा दिसलं की बंब आणि माणसं यांपेक्षा मोठी अडचण कारभाराची होती. एका खात्याचा वायरलेस दुसऱ्याला लागत नव्हता, एकाच वस्तूला दहा नावं, आणि हुकूम कुणाचा मानायचा याचाच पत्ता नाही. त्यातून त्यांनी एक पद्धत बसवली. एक प्रमुख. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष आगीवरचं काम, पुढचं नियोजन, सामानसुमान आणि पैसा यांचे वेगवेगळे प्रमुख. शिवाय सुरक्षिततेवर नजर ठेवणारा एक जण, जो धोका दिसला तर काम थांबवू शकतो. एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम. आलेल्या प्रत्येकाने आधी नोंद करायची, मगच वर जायचं.

मला त्यातला नियोजनवाला फार आवडतो. तो आज जळतंय तिकडे बघत बसत नाही, उद्याचं बघतो. आपल्या घाटात दुपारनंतर समुद्राकडचा वारा चढाला लागतो, आणि चढावर आग तशीच जोरात पळते. म्हणजे सकाळी घाटाखाली गोव्यातल्या सत्तरीकडे असलेली आग दुपारी आपल्या काजूत येऊ शकते. हे कणकुंबीच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. पण सकाळी ते मोठ्याने सांगून माणसं हलवणं हे कुणाचंच काम नसतं, म्हणून ते होत नाही.

हे लोक आकाशातून पडत नाहीत. तिथे यातले बरेच जण एरवी आपापल्या खात्यात नोकरी करतात. वणव्याच्या हंगामात ठरलेलं पथक पाळीने बोलावलं जातं. एखादं पद मिळायचं तर आधी जाणत्याच्या हाताखाली ते काम करून वहीत सह्या घ्याव्या लागतात. साधारण चौदा दिवसांनी बदली पथक येतं आणि जुनं त्याला सगळं समजावून मगच निघतं.

आपल्याकडे कागद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये अशाच पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्य, जिल्हा, उपविभाग, तालुका, सगळीकडे पथकं. पण पथक पदांचं बनतं, आणि पदावरच्या माणसाची बदली होते. प्रशिक्षण घेतलेला गेला, नवीन आलेल्याला फाइल कुठल्या कपाटात आहे ते शोधण्यापासून सुरुवात. (आणि आमच्या कचेऱ्यांना फॉर्मची हौस किती, हे वेगळं सांगायला नको. डोंगर जळत असताना तीन प्रतींत अर्ज मागणारे मी पाहिलेत.)

प्रत्येक वणव्याला पथक लागतं असंही नाही. बहुतेक आगी गार्ड, वॉचर आणि गावकरी ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) नि डहाळ्यांनी संध्याकाळपर्यंत आटोक्यात आणतात. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा मेसेज हल्ली मोबाइलवर येतो, त्यामुळे लवकर पोचताही येतं. तिथे साहेबांची गर्दी नकोच. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा, जेव्हा आग एका वनक्षेत्राची (रेंजची) हद्द ओलांडते, दोन-तीन खाती येतात आणि स्थानिक रेंजरला झोप नसते. बाहेरच्या पथकाला आमच्या भीमगड अभयारण्याच्या वाटा माहीत नसणार, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून त्या गवळ्याची जागा पथकाच्या टेबलाशी असायला हवी. पाकिटं वाटून झाल्यावर त्याला आठवायचं, हे चालणार नाही.

आपलं प्रकरण आणखी नाजूक. चोर्ला घाटाजवळ कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं एकमेकांना टेकलेली. म्हादईच्या पाण्यावरून कोर्टात भेटणारी ही मंडळी वणव्याला एका टेबलाशी बसतील का, याची मला शंका आहे, पण पद्धतीत त्याचीही सोय आहे: तिघांचे अधिकारी एकत्र, आराखडा एकच.

जानेवारीत, पातेरा पडायच्या आधी, खानापूर, सत्तरी आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्गची माणसं दोन दिवस एकत्र बसवा. कुठल्या विहिरीला मार्चमध्ये पाणी असतं, मोबाइलची रेंज कुठे जाते, कुठल्या बागेत म्हातारी माणसं एकटी राहतात, याची वही करा. हेलिकॉप्टर कुणी मागवायचं आणि आल्यावर त्याच्याशी कोण बोलणार, ही दोन नावंही त्याच वहीत लिहा. पदं नकोत, माणसांची नावं, आणि पुढे त्यांचे फोन नंबर.