बिननावाचे चढ

परवा कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो. आमच्या रविवारच्या सायकलवाल्या टोळीतल्या एकानं विचारलं, "काका, फ्रान्समध्ये घाट कुठला मारलासा?" मी ग्लास तोंडाला लावून जरा वेळ काढला. घाट एकही मारला नव्हता. आणि तरी त्या ४५ किलोमीटरांनी माझी जेवढी जिरवली, तेवढी पन्हाळ्यानं इतक्या वर्षांत कधी जिरवली नाही. हे दूध पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

लेक-जावई माकाँला असतात. लिऑनच्या उत्तरेला, साओन नदीच्या काठचं गाव. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर तिकडं होतो. रात्री साडेनऊपर्यंत उजेड. आमचं उद्यमनगरात पॅटर्नचं छोटं शॉप आहे, फाउंड्रीला लागणारे लाकडी नमुने करतो. महिनाभर हाताला काम नाही म्हटल्यावर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालायला लागलो. चौथ्या दिवशी जावयानं शेजाऱ्याकडनं एक जुनी प्यूजो सायकल आणून दारात उभी केली. पोलादी फ्रेम, पुढं ५२ आणि ४२ दातांच्या दोन चकत्या, मागं सात. गिअरच्या काड्या हँडलला नाहीत, खाली तिरक्या नळीवर. ब्रेक उलटे. आपल्याकडं पुढचा ब्रेक उजव्या हाताला, त्यांच्याकडं डाव्या. पहिल्याच चौकात डावा करकचून दाबला आणि मागचं चाक वीतभर उचललं. लेक गॅलरीतनं बघत होती. "बाबा, इथं रस्त्याची उजवी बाजू धरायची आणि ब्रेक उजव्या हातानं मारायचा, एवढं लक्षात ठेवा," म्हणाली.

पहिल्या दिवशी सोपा रस्ता धरला, क्लुनीपर्यंत. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथं फक्त सायकली आणि पायी माणसांसाठी डांबरी वाट केलीय. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा पहिला तुकडा १९९७ साली झाला, पुढं ती माकाँच्या वेशीपर्यंत आणली. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळं वाट ताटासारखी सपाट. मध्ये बोगदा लागतो, सुमारे १६०० मीटरचा. आत जूनमध्येसुद्धा गारठा. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपायला येतात. इथं शाळेशेजारी रात्रभर डॉल्बी वाजतो, तिथं वटवाघळांची झोपमोड नको म्हणून अख्खा बोगदा बंद. असो. क्लुनीत ९१० साली स्थापन झालेला मठ आहे. त्याचं चर्च एकेकाळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं, क्रांतीनंतर त्याचे दगड बांधकामाला विकून टाकले. उरलेला तुकडा बघितला तरी मान दुखते.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण सपाट रस्त्यानं माणूस माजतो. घरी येऊन मी जाहीर केलं, आता क्लुनीवरनं शारोलला जाणार, बारक्या रस्त्यांनी. जावई नकाशा बघून म्हणाला, "बाबा, जरा वरखाली आहे हं." मी म्हटलं, "आम्ही पन्हाळ्याची माणसं." हे वाक्य पुढं दिवसभर माझ्या कानात वाजत राहिलं.

पन्हाळ्याचं गणित सरळ आहे. शिवाजी पूल ओलांडला, केर्लीवरनं पुढं गेलं, वाघबीळ आलं, की आता चढ हे पायाला ठाऊक असतं. एक गिअर पकडायचा, श्वास बसवायचा आणि वर जायचं. चारेकशे मीटर चढून गेलं की तटबंदी, झुणका-भाकर, फोटो. कुस्ती एकच, पण निकाल लागतो.

तिथं निकालच लागत नाही. क्लुनीतनं सालोर्ने गावाकडं निघालो, तेव्हा समोर नुसती हिरवी घडीवर घडी पडलेली. कुठलाच उंचवटा असा नाही की बघून छाती दडपावी. ४० मीटर चढ, ३० मीटर उतार, एक वळण, एक ओढा, परत ५० मीटर चढ. उतारावर वेग येतोय तोवर तळाला वळण किंवा फाटा, ब्रेक लावावाच लागतो, आणि वेग मेला की पुढचा चढ पहिल्यापासनं. प्रत्येक वेळी हँडल सोडून हात खाली घालायचा, काडी चाचपडायची, गिअर कचकचत पडेपर्यंत चढ अर्धा संपलेला. घरच्या सायकलला पुढं ३४ चं आणि मागं ३२ चं चक्र आहे, म्हाताऱ्याला बरं पडतं. इथं पुढं ४२ आणि मागं सगळ्यात मोठं २४. बाराव्या-तेराव्या चढानंतर मांड्या थरथरायला लागल्या. तालमीत वस्ताद कुस्ती न लावता नुसत्या बैठकाच मारायला लावायचे, तसं. संध्याकाळी मीटर बघितला तर बेरीज सातशे मीटरच्या आसपास. म्हणजे पन्हाळा जवळजवळ दोनदा, आणि वर गेल्याचं समाधान एकदाही नाही.

रस्ता मात्र सुंदर, हे मान्यच. दुतर्फा कापून सारखी केलेली कुंपणाची झुडपं, पलीकडं मऊ गवत, त्यात दुधाच्या सायीच्या रंगाच्या गाई. शारोले जात, या शारोल गावावरनंच नाव पडलंय. मला वाटलं, वा, काय दूध देत असतील. संध्याकाळी जावयानं हळूच सांगितलं, ही जात दुधाची नव्हे, मांसासाठी पाळतात. मग मी गाईंबद्दल बोलणं बंद केलं.

रस्त्याकडेला दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचे दगड. गाव सुरू होताना नावाची पाटी आणि संपताना त्याच नावावर तांबडी तिरकी काट. पहिल्यांदा ती काट बघून वाटलं, गावानं काय गुन्हा केलाय? काही गावांच्या पाट्या तर चक्क उलट्या टांगलेल्या. तो शेतकऱ्यांचा निषेध, २०२३ च्या शेवटाला सुरू झालेला. सगळा कारभारच उलटा चाललाय म्हणून पाट्या उलट्या. आपल्याकडं ऊसदरासाठी ट्रॅक्टरच्या चाकातली हवा सोडतात, त्यापुढं हे फारच सभ्य वाटलं.

एका वळणाच्या चढावर मागं गाडी आली आणि मागंच राहिली. हॉर्न नाही, काही नाही. मला वाटलं बिचाऱ्याचा हॉर्न बिघडलाय. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर जागा सोडायची असा तिथला कायदाच आहे, आणि पुढचं दिसेपर्यंत तो माणूस खरंच थांबला. मला मात्र त्या शांततेचंच दडपण आलं. मागनं कुणी शिव्या घातल्या असत्या तर पाय हलके पडले असते.

साडेबारा वाजता पाणी संपलं. आपल्याकडं चहाची टपरी नाही असा दोन किलोमीटरचा रस्ता दाखवा. तिथं साँ-बॉने-द-जूच्या अलीकडच्या एका गावात भाकरीचं दुकान बंद, कॉफीचं बंद, ग्रामपंचायत बंद, सगळे जेवायला. चौकात माणूस नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचा खांब तेवढा उभा. पंधराएक घरांच्या गावाला नावं एकवीस, मी मोजली. खांबाशेजारी गटाराचं बिडाचं झाकण होतं. सवयीनं वाकून बघितलं. पाँत-आ-मूसाँचं, लॉरेनमधल्या नावाजलेल्या ओतशाळेचं, वर डी ४०० असा वर्ग ओतलेला, म्हणजे ४० टनांचा भार सोसणारं. अक्षरांच्या कडांना ढाळ असा नेमका दिलेला, की वाळूतनं नमुना उचलताना एक कण हलला नसेल. तहान विसरून पाच मिनिटं मी त्या झाकणावर हात फिरवत बसलो. गावात कुणी जागं असतं तर पोलीस बोलावले असते.

लेकीनं निघताना सांगितलं होतं, पाणी संपलं तर कबरस्तान शोधा. तिथं फुलांना घालायला नळ असतो. नळावर 'पिण्याचे नाही' अशी फ्रेंच पाटी असेल तर सोडून द्या. कबरस्तान सापडलं, नळ सापडला, पाटी नव्हती. तरी बाटली हातात धरून उभा राहिलो. मसणवट्यातनं आलं की आपण दारात पाय धुतो, आणि इथं घोट घ्यायचा. तेवढ्यात झारी घेतलेली एक आजी आली, "बोंजूर" म्हणाली, माझ्या बाटलीकडं बघितलं आणि नळ स्वतः सोडून दिला. प्यालो. थंडगार होतं. जाताना ती "बों कुराज" म्हणाली, म्हणजे हिंमत धरा. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही, म्हणून लिहिलं.

शारोलला पोचलो तेव्हा जावई गाडीला टेकून उभा होता. मी सायकलवरनं उतरलो आणि गुडघे वाकेनात. "कुठला चढ अवघड गेला?" त्यानं विचारलं. मागं वळून बघितलं. सगळे सारखे. एकालाही नाव नाही, मला बोट दाखवता येईना.

गेल्या रविवारी टोळीबरोबर गारगोटी रोडला गेलो. कळंबा, कात्यायनी, इस्पुर्ली, बिद्रीपर्यंत. कितीएक वर्षं जातोय, चढ म्हटला की आम्ही कात्यायनीचं नाव घेतो, बाकीचा रस्ता आमच्या लेखी सपाट. या वेळी मुद्दाम मोजत गेलो. इस्पुर्लीपर्यंत नऊ झाले. दहाव्यावर पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, गाण्याचा आवाज अर्ध्या तालुक्यात, आणि शेजारनं मोटरसायकल हळू करून एक पोरगा विचारतोय, "काका, कुठं निघालासा? सायकल कितीची हाय?"

त्याला किंमत सांगता सांगता मोजणी चुकली.