आर्किटेक्चर की सिव्हिल? आधी ठरवलं, सही कोणती करायची

बारावीच्या वर्षी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर द्यायचे: मला दोन्ही शिकायचंय. इमारतीत माणसं कशी वावरतील हेही, आणि ती इमारत उभी कशी राहते हेही. ऐकणारा म्हणायचा, "मग सिव्हिल घे," नाहीतर, "मग आर्किटेक्चर घे." दोन्ही एकत्र शिकवणारी पदवी असते का आणि कुठे, हे आमच्या पाटण-कराड भागात कोणालाच सांगता येईना. आता मी नागपूरला व्हीएनआयटीत (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला आहे. बारावीचा निकाल लागला की ओळखीतली मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन फोन करतात, म्हणून मी कसं ठरवलं ते सविस्तर लिहिते.

माझा हट्ट उगाच नव्हता. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आजीच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. बाबा सेंट्रिंगचे ठेकेदार, त्यामुळे सुट्टीत साइटवर जाणं नेहमीचंच. दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांच्याकडे कराडमधल्या एका इमारतीचं काम होतं. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, वर फ्लॅट. साइटवर ड्रॉइंगच्या दोन गुंडाळ्या: एक आर्किटेक्टची, एक आरसीसी कन्सल्टंटची, म्हणजे कॉलम-बीम आणि सळईचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरची. गाडी वळायला जागा हवी म्हणून वरचा एक कॉलम खाली पार्किंगपर्यंत आणलेलाच नव्हता, तो मधल्या बीमवर उभा केला होता. आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये त्या बीमची खोली इतकी वाढली होती, की खालून पार्किंगची उंची कमी पडत होती. मिस्त्रींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले आणि बाबांना म्हणाले, "ह्ये दोघं एकदा बी एकत्र बसल्यालं दिसत न्हाईत."

त्याच दिवशी बाबांनी मला कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणारी एक रिंग हातात देऊन दाखवली. तिची टोकं काटकोनात सोडलेली नव्हती, १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात घातली होती. जमीन हलली आणि बाहेरचं काँक्रीट सुटलं, तरी रिंग उघडू नये म्हणून. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं जे भारतीय मानक आहे, आयएस १३९२०, त्यात हे लिहिलेलं आहे, ते मला पुढे कळलं. आणखीही एक गोष्ट कळली, तिनेच माझी दिशा ठरवली. मोकळा तळमजला, बीमवर उभा केलेला कॉलम, एका बाजूला जड झालेला प्लॅन, या भूकंपातल्या सगळ्यात धोक्याच्या गोष्टी इंजिनिअरच्या हिशोबात जन्माला येत नाहीत. त्या आर्किटेक्टच्या पहिल्या स्केचमध्येच येतात. इंजिनिअर नंतर सळई वाढवतो, कॉलम जाड करतो, पण मूळ आकार तोवर ठरून गेलेला असतो.

मग शोध सुरू केला. पहिल्यांदा हाती लागलं 'आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग' हे नाव. वाटलं, हेच ते. अभ्यासक्रम उघडून वाचल्यावर चित्र वेगळं दिसलं. अमेरिकेत ही सरळसरळ इंजिनिअरिंगची पदवी आहे. तिला मान्यता अॅबेट ही इंजिनिअरिंगची संस्था देते आणि तिच्यात इमारतीचं स्ट्रक्चर, वातानुकूलन, प्रकाशयोजना, वीज असे विषय असतात. आर्किटेक्टचा परवाना हवा तर तिथे बहुतेक राज्यांत नॅब या दुसऱ्या संस्थेची मान्यता असलेली पदवी लागते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाची रीत मला आवडली. तिथे आर्किटेक्चर आणि सिव्हिल एकाच विभागात आहेत, दोघांचे विद्यार्थी मिळून प्रोजेक्ट करतात, पण पदव्या मात्र वेगवेगळ्या. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: पदवीचं नाव शेवटी वाचायचं, मान्यता कोणाची आहे ते आधी.

खरोखर दोन्ही दारं उघडणारी पदवी सापडली ती इटलीत. 'इंजेन्येरिया एदिले-आर्किटेत्तुरा' नावाचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम तिथे आहे. पाविया विद्यापीठात तो इंग्रजीतून शिकवतात. तो पूर्ण केल्यावर व्यवसायाच्या परवान्यासाठीच्या तिथल्या सरकारी परीक्षेला आर्किटेक्ट म्हणूनही बसता येतं आणि सिव्हिल शाखेचा इंजिनिअर म्हणूनही. सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, शिष्यवृत्तीही मिळू शकते, त्यामुळे आमच्यासारख्या घराला ते अगदीच हाताबाहेरचं नव्हतं. मी कागदपत्रांचीही चौकशी केली: इटलीच्या युनिव्हर्सइटली या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी, बारावीच्या गुणपत्रिकेचं साक्षांकन, मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), मग व्हिसा. सगळं किचकट, पण होण्यासारखं. बरेच दिवस मी त्याच विचारात होते.

थांबले ते एका प्रश्नापाशी. मला काम कुठे करायचंय? उत्तर स्वच्छ होतं: कोयना-कराड पट्ट्यात. परदेशी पदवी घेऊन परत आलं, तर इथे आर्किटेक्ट म्हणून नोंदणीसाठी तिची मान्यता कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या आर्किटेक्टांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडून वेगळी घ्यावी लागते. शिवाय पाच वर्षं मी जी बांधकामाची पद्धत, जे मानक, जे कायदे शिकणार, ते तिथले असणार. ज्याला युरोपातच राहायचंय त्याने पावियाचा विचार जरूर करावा. इतकी सरळ वाट मला दुसरीकडे दिसली नाही.

आपल्याकडे एकच पदवी घेऊन दोन्ही सह्या, आर्किटेक्टची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची, करता येत नाहीत, हे मान्य केलं आणि गुंता सुटायला लागला. 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने बांधलेली आहे. मान्यताप्राप्त बी.आर्क. आणि कौन्सिलची नोंदणी, याशिवाय ती लावता येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा पालिकेचा परवाना हवा तर सिव्हिलची पदवी लागते. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. आपल्याकडे सिव्हिलवाले प्लॅन मंजूर करून आणतातच, मग चार वर्षांत होतंय ते पाच वर्षं कशाला? त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. राज्याच्या बांधकाम नियमावलीत परवानाधारक इंजिनिअरला ठरावीक मर्यादेपर्यंत प्लॅन सादर करता येतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतं, ते काम करायला इतरांना बंदी घालत नाही.

म्हणून मी कायदा बाजूला ठेवून अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडले. सिव्हिलमध्ये सर्वेक्षण, फ्लुइड मेकॅनिक्स, रस्ते, पाणीपुरवठा, सिंचन, माती, आणि त्यांच्यामध्ये आरसीसी आणि स्टील. उत्तम विषय, आमचा भाग तर धरणाच्या सावलीतच वाढलाय. पण मला इमारतच हवी होती, आणि इमारतीचे विषय तिथे थोडे होते. बी.आर्क.मध्ये पहिल्या दिवसापासून इमारत: डिझाइन स्टुडिओ, बांधकाम साहित्य, हवामान, इतिहास आणि स्ट्रक्चरही. स्ट्रक्चर तिथे कमी खोलात शिकवतात, हे मी सीनियरना विचारून घेतलं होतं.

दुसरी तुलना पुढच्या वाटांची. सिव्हिल करून नंतर आर्किटेक्ट व्हायचं म्हटलं, तर बी.आर्क. पहिल्या वर्षापासून करावं लागतं, एम.आर्क.ला (आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर पदवीला) थेट जाता येत नाही. स्पॅनिश आर्किटेक्ट सान्तियागो कालात्रावा यांनी उलट क्रमाने दोन्ही केलं, वालेन्सियात आर्किटेक्चर आणि मग झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठात सिव्हिल. माझ्या घरच्या परिस्थितीत दोन पदव्या शक्य नव्हत्या. मला तिसरी रीत जवळची वाटली, मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीची. चार्ल्स कोरिया आर्किटेक्ट, शिरीष पटेल स्ट्रक्चरल इंजिनिअर. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ३२ मजली इमारतीच्या कोपऱ्यांतल्या उंच, मोकळ्या गच्च्या पाहिल्या, की कळतं, मधला काँक्रीटचा गाभा भार घेतोय म्हणूनच कोपरे मोकळे ठेवता आलेत. ही कल्पना एकट्याच्या टेबलावर होणारी नाही. मला पहिल्या स्केचवर सही करणारी व्हायचं होतं, पण इंजिनिअरच्या भाषेत बोलू शकणारी. ठरलं, बी.आर्क.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. बी.आर्क.साठी दोन वाटा. नाटा ही कौन्सिलची परीक्षा, राज्यातल्या कॉलेजांसाठी चालते. एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) यांच्यासाठी जेईई मेनचा पेपर २ए द्यावा लागतो: गणित, अॅप्टिट्यूड आणि कागदावरचं ड्रॉइंग. मी दोन्ही दिल्या. इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेचा सराव इथे खूप कामाला आला, कारण स्मरणचित्रात माणसाचं प्रमाण आणि पर्स्पेक्टिव्ह हाताला आधीच बसलेलं होतं. जेईईच्या ड्रॉइंगला जलरंग चालत नाहीत, त्यामुळे सराव रंगीत पेन्सिलींवरच करावा. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. एनआयटीला बारावीच्या टक्क्यांचीही अट असते, तेव्हा बोर्डाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

जोसामध्ये, म्हणजे या संस्थांच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, पसंतीक्रम भरताना मी एकच निकष लावला: त्याच आवारात सिव्हिलचा भरभक्कम विभाग आहे का. व्हीएनआयटी त्यात बसत होतं, आणि एनआयटीत निम्म्या जागा स्वतःच्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, त्याचाही फायदा झाला.

इथे आल्यावर इंजिनिअरिंगचं मी स्वतःहून वाढवलं. सिव्हिलच्या मैत्रिणींची पुस्तकं घेते, स्टुडिओतला प्रत्येक प्लॅन त्यांना दाखवते. परवा एकीने माझ्या शाळेच्या डिझाइनमधला जिना एका कडेला बघून विचारलं, भूकंपात ही इमारत पिळवटून निघेल की नाही? जिना आणि लिफ्टच्या भिंती मी मधोमध आणल्या, आणि वर्गांची मांडणी त्याने सुधारलीच.

पुढे प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सत्र आहे. ते नोंदणीकृत आर्किटेक्टकडेच करावं लागतं. मी असं ऑफिस शोधतेय, जिथे स्ट्रक्चरल कन्सल्टंट पहिल्या मीटिंगपासून टेबलाशी बसतो. पुणे, कोल्हापूर, सांगलीकडच्या अशा ऑफिसांची माहिती कोणाला असेल तर मला जरूर कळवा.