25 खुणा

पार्किंग सर्व्हे म्हणजे गाड्या मोजणं, असं लोकांना वाटतं. मोजणं सोपं आहे. कुठली गाडी किती वेळ जागा धरून बसते, हे शोधणं खरं काम. शहराच्या जुन्या गाभ्यातली एक गल्ली वाट्याला येते. सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला एक फेरी, दर वेळी त्याच क्रमाने, नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे. नंबरासमोर त्या फेरीची खूण; पुढच्या फेरीत गाडी तीच असेल तर आणखी एक खूण, बदलली तर नवा नंबर. अशा 25 फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेलेली गाडी निसटतेच, म्हणून तासाला एक फेरी मी कधीच मान्य करत नाही. काही पोरं सावलीत बसून पुढचे रकाने भरून टाकतात. शेवटच्या दहा रकान्यांतलं अक्षर एकाच बैठकीतलं दिसलं की तो तक्ता मी बाद करतो.

त्या मंगळवारी माणूस कमी पडला, म्हणून मीच चाललो. त्या गल्लीतलं पार्किंग काढायचा प्रस्ताव होता. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. मोटार जन्मायच्या आधी बांधलेल्या गल्लीत दोन्ही कडांना ती दिली, तर चालणाऱ्याला उरणार काय? दुकानदारांचं एकच पालुपद होतं, गिऱ्हाईक तुटेल. आणि माझ्या तक्त्यावर निम्म्याहून जास्त जागा त्यांच्या आणि त्यांच्या कामगारांच्या गाड्यांनी दिवसभर अडवलेल्या. गाडी लावून कोण कुठल्या दुकानात शिरतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बैठकीत तो तक्ता पडद्यावर लावला. एका गाडीच्या ओळीत 25 खुणा होत्या. ती ओळ मी लाल केली होती.

मागून एक वयस्कर गृहस्थ उठले. "ती लाल गाडी माझी."

त्यांच्या पत्नीचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. परत येताना त्यांना उभं राहवत नाही. "दारातली जागा गेली तर हिला उतरवू कुठे? म्हणून बाकीचे दिवस मी गाडी हलवतच नाही. बाजारहाट, बँक, सगळं पायी."

म्हणजे गल्लीतला सगळ्यात जास्त चालणारा माणूस माझ्या तक्त्यात सगळ्यात मोठा अडवणूकदार ठरला होता.

मी त्याआधी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन आणि बेल्जियममधल्या घेंट या शहरांचे नकाशे दाखवले होते. ग्रोनिंगनने 1977 साली मध्यभागाचे चार भाग केले, घेंटने 2017 साली सहा. एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाता येत नाही, बाहेर रिंगरोडवर येऊन वळसा घ्यावा लागतो. तिथे आरपार जाणं बंद झालं. बहुतेक घरांच्या दारापर्यंत पोचणं बंद झालं नाही. आमच्या प्रस्तावात मात्र आजारी माणसांसाठीची राखीव जागा 'पुढील टप्प्यात' ढकललेली होती. मी वरिष्ठांना म्हटलं, ती पहिल्याच टप्प्यात घ्या. ते म्हणाले, एकाला दिली की रांग लागेल. लागू दे ना! तपासून द्यायला आपण बसलोच आहोत. पार्किंग काढायलाच हवं, हे माझं मत तसूभरही बदललेलं नाही, आणि म्हणूनच हा टप्पा पुढे ढकलणं मला जास्त खुपतं.

पुढच्या बुधवारी सुट्टी टाकून मी त्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. चारच्या सुमाराला त्यांची गाडी आली. दारातल्या जागेवर दुसरीच गाडी होती. त्यांनी रस्त्यातच थांबून पत्नीला उतरवलं, पायरीवर बसवलं. मागून हॉर्न सुरू झाले. ते गाडी घेऊन पुढे गेले. मी त्या बाईंच्या शेजारी जाऊन थांबलो. जिना चढायला त्यांना नवऱ्याचा हात लागतो, माझा नको म्हणाल्या.

ते परत आले तेव्हा सवयीने घड्याळ पाहिलं. 22 मिनिटं झाली होती.