मुलुंड सोडून नागपूरला: तीन वर्षांचा हिशेब

मुंबईत घर घेणे शक्य होत नाही म्हणून नागपूरला राहायला जातो आहोत, असे आम्ही २०२२ च्या मार्चमध्ये घरी सांगितले, तेव्हा माझ्या बाबांनी बराच वेळ काहीच विचारले नाही आणि मग एकच प्रश्न केला, "तिथे तुमचे कोण आहे?" तिथे आमचे कोणीही नव्हते. नवऱ्याच्या कंपनीचे नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात कार्यालय होते, तिथे बदली मिळण्यासारखी होती आणि माझे हिशेब तपासणीचे काम घरून करण्यास माझ्या वरिष्ठांनी होकार दिला होता. आमच्या बाजूने एवढेच सांगण्यासारखे होते. आता तीन वर्षे उलटली आहेत आणि मुंबईतील मित्रमैत्रिणी फोनवर हमखास विचारतात की, महिन्याला नेमके किती वाचतात. त्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लग्नानंतरच्या साडेतीन वर्षांत आम्ही मुलुंड पूर्वेला तीन घरे बदलली. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाचा फोन येई, आणि भाडे वाढवायचे की घर सोडायचे यावर आमची आठवडाभर चर्चा चाले. घर सोडले तर दलालाला पुन्हा एक महिन्याचे भाडे, टेम्पोचा खर्च आणि गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे पत्ताबदल. शेवटच्या घराचे, म्हणजे एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघराचे, भाडे २९,००० रुपये होते. नवऱ्याची नोकरी लोअर परळला असल्यामुळे दादरला गाडी बदलून जाण्यायेण्यात त्याचे रोज तीन तास जात. रात्री साडेनऊला जेवायला बसल्यावर आम्ही दोघेही इतके थकलेले असायचो की एकमेकांशी बोलणे ही रविवारची गोष्ट झाली होती.

त्या काळात आम्ही मुलुंडमध्येच एक जुने घर विकत घेण्यासाठी पाहिले होते. किंमत एक कोटी. बँक जास्तीत जास्त ७५ लाख देणार, म्हणजे २५ लाख स्वतःचे उभे करायचे, आणि त्यावर सहा टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे सहा लाख वेगळे, कारण ती रक्कम कर्जात धरली जात नाही. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ७५ लाखांचा हप्ता सुमारे ६५,००० रुपये येतो. दोघांपैकी एकाचा पगार पूर्णपणे हप्त्यात जाणार होता आणि पुढची वीस वर्षे दोघांपैकी कोणीही आजारी पडायचे नाही, कोणाचीही नोकरी जायची नाही आणि मूल झाले तरी मी एक दिवसही बिनपगारी घरी राहायचे नाही, असे गृहीत धरावे लागत होते. त्या रात्री कागदावरचा तो आकडा पाहून मी रडले होते. आपण वाईट कमावत नाही, उधळपट्टीही करत नाही, आणि तरीही ज्या शहरात वाढलो त्या शहरात चारशे चौरस फूट आपल्या आवाक्यात नाहीत, हे मान्य करायला मला फार जड गेले.

पुण्याचा विचार झाला होता. मात्र तिथली भाडी आणि वाहतूक पाहता आम्ही एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत जाऊ, असे वाटले. नाशिकला नवऱ्याच्या कंपनीचे कार्यालय नव्हते. नागपूरविषयी आम्हाला संत्री, दीक्षाभूमी आणि हिवाळी अधिवेशन यापलीकडे काही माहीत नव्हते, ही आज लाजिरवाणी वाटणारी गोष्ट आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी अधिवेशन इथे होते, हे शाळेत शिकले होते, परंतु एकेकाळी मध्य प्रांताची राजधानी असलेले, रुंद रस्त्यांचे, मोठमोठ्या झाडांचे आणि तलावांचे हे शहर आहे, हे प्रत्यक्ष आल्यावरच कळले.

आम्ही पोहोचलो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत. सामान घेऊन निघालेल्या वाहतूकदाराने वाटेतच जास्तीच्या अठरा हजारांची मागणी केली, पैसे मिळेपर्यंत ट्रक पुढे नेणार नाही असे फोनवर सांगितले, आणि अखेर नऊ हजारांवर तोडगा निघून सामान तिसऱ्या दिवशी मिळाले. ते दोन दिवस मनीषनगरमधल्या एका रिकाम्या घरात आम्ही दोन चादरी, एक बादली आणि प्रवासातले दोन तांबे एवढ्यावर काढले. रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागत होती. नळाचे पाणी तापलेले असल्यामुळे आंघोळीला घेता येत नव्हते, म्हणून संध्याकाळीच बादली भरून ठेवायची, हे दुसऱ्या दिवशी शिकलो.

घरमालक काका खालच्या मजल्यावर राहत असत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःकडचा जुना, पत्र्याचा कूलर मुलाच्या मदतीने वर आणला, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवला, तिन्ही बाजूंच्या ताट्यांतले जुने गवत काढून नवीन भरले आणि पाइपने टाकीत पाणी सोडले. पंप सुरू झाल्यावर पाणी वरून ताट्यांवर झिरपू लागले, गवताचा आणि वाळ्याचा ओला वास आत आला आणि दहा मिनिटांत त्या खोलीत माणसाला बसता येऊ लागले. मी मुंबईच्या सवयीने लगेच दारेखिडक्या बंद करायला गेले, तेव्हा काका म्हणाले, "समोरची खिडकी उघडी ठेवा, नाही तं काही फायदा नाही. हवा निघाली पाहिजे." कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकते आणि सुकताना हवेतली उष्णता घेते, म्हणून विदर्भात हे यंत्र चालते, आणि मुंबईच्या दमट हवेत तेच यंत्र निरुपयोगी ठरते. पहिला पाऊस पडल्यावर तोच कूलर खोलीत चिकट दमटपणा पसरवू लागला, तेव्हा हे तत्त्व अंगाला समजले. आम्ही अजूनही वातानुकूलन यंत्र घेतलेले नाही. कूलर त्याच्या मानाने फारच थोडी वीज खातो, आणि एप्रिलच्या सुरुवातीला ताट्या बदलण्याचे काम आता माझ्याकडे आहे.

आता पैशांविषयी. दोन बेडरूमच्या त्या घराचा किराया १४,५०० रुपये होता (इथे भाडे म्हणत नाहीत, किरायाच म्हणतात). म्हणजे दरमहा १४,५०० रुपये वाचले, असे आम्ही पहिल्या महिन्यात आनंदाने सगळ्यांना सांगितले. सहा महिन्यांनी खर्चाची वही उघडून बसले, तेव्हा चित्र वेगळे होते. बदलीबरोबर नवऱ्याचा हातात येणारा पगार ९,००० रुपयांनी कमी झाला होता, कारण कंपन्या शहर पाहून पगार ठरवतात आणि हे बदलीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असूनही आम्ही त्याचा पुरेसा विचार केला नव्हता. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत मोजताना मुंबईत मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा धरतात, तर नागपुरात ती ४० टक्के होते, ही बाब माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या नजरेतूनही सुटली होती. लोकलचा पास स्वस्त होता, आता दुचाकीचे पेट्रोल आले. दिवाळी आणि गणपतीची मुंबईची तिकिटे आली. पहिल्या वर्षअखेरीस महिन्याला सरासरी चार हजारांच्या आसपास शिल्लक पडली होती. केवळ एवढ्यासाठी कोणी आपले शहर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा फरक पडला तो घर घेताना. २०२४ मध्ये आम्ही बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये दोन बेडरूमचे घर घेतले. किंमत ४६ लाख, कर्ज ३६ लाख आणि हप्ता सुमारे ३१,००० रुपये, म्हणजे मुलुंडच्या त्या जुन्या घराच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. महिलेच्या एकटीच्या नावाने दस्त केल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून घर माझ्या नावावर आहे. ही सूचना नवऱ्याचीच होती. सासूबाईंना ती सुरुवातीला रुचली नाही, पण मला मात्र नोंदणी कार्यालयात अंगठ्याचा ठसा देताना आपण आयुष्यात काहीतरी ठामपणे उभे केल्यासारखे वाटले. नागपुरात घर किंवा प्लॉट पाहणाऱ्यांनी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी तर तपासावीच, शिवाय त्या जागेचे आर.एल. झाले आहे का, म्हणजे लेआउट नियमित झाला आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. कमी किमतीत दाखवले जाणारे अनेक प्लॉट याच एका कागदापाशी अडतात.

आणि वेळ. नवरा सव्वासहाला घरी येतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे, परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे साडेनवाचे जेवण केले आहे त्यांना त्याचे मोल कळेल. संध्याकाळी आम्ही भाजी आणायला दोघे जातो. पहिल्या आठवड्यात मी कोथिंबीर मागितली, तर भाजीवाल्या ताईंनी, "सांबार पाहिजे का?" असे विचारले आणि मी नको म्हणून पुढे निघाले. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू आणि शेंगदाण्यांना फल्लीदाणे. मराठीच बोलत असूनही मला काही महिने नव्याने भाषा शिकावी लागली. "येऊन राहिले", "करून राहिलो" ही रूपे ऐकून मुंबईचे लोक हसतात, ते मला आता अजिबात आवडत नाही. माझ्या शेजारणीचे काहीही न मागता सांभाळून घेणारे प्रेम याच भाषेत माझ्यापर्यंत पोहोचले आहे.

जो निर्णय घेऊ पाहतो त्याला दोन गोष्टी मात्र मी आवर्जून सांगते. पहिली नोकरीची. मुंबईत एक नोकरी गेली तर त्याच रेल्वेमार्गावर दुसरी शोधता येते. नागपुरात नवऱ्याच्या कामाच्या जागा देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, आणि म्हणूनच इथली असंख्य मुले शिकून पुण्याला व बंगळूरुला जातात. ज्या शहरातून तिथली मुले कामासाठी बाहेर पडतात, तिथे आम्ही बाहेरून पगार घेऊन येऊन घर घेतले, याची जाणीव मला असते. आमच्या जुन्या घराचा किराया आम्ही सोडल्यावर लगेच १८,००० झाला आणि खालच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला त्यामुळे तिथे येता आले नाही, हेही मी पाहिले आहे. हप्ता सुरू करण्यापूर्वी आम्ही आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवली. छोट्या नोकरीबाजारात राहताना ती ठेवायलाच हवी.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि हिचा हिशेब वहीत बसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला बाबांच्या छातीत दुखू लागले. आईचा फोन दुपारी चारला आला. विमानाचे तिकीट मिळाले नाही, तेव्हा संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये कसेबसे बसलो आणि सकाळी पोहोचलो. तोवर अँजिओप्लास्टी होऊन गेली होती. कागदांवर सह्या शेजारच्या काकांनी केल्या होत्या. मुलुंडला असते तर मी तासाभरात तिथे असते. त्या रात्री भुसावळ, मनमाड अशी स्टेशने मागे पडत असताना मी स्वतःला जे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर आजही माझ्याकडे नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता आता सलग आहे, तरीही गाडीने दिवस जातोच.

त्यानंतर आम्ही असे ठरवले की आईबाबांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे राहायचे आणि ऊन वाढण्यापूर्वी, होळीच्या आधी परत जायचे. पहिल्या वर्षी बाबा फक्त पंधरा दिवस राहिले आणि सतत डोंबिवलीच्या घराची चौकशी करत राहिले. या हिवाळ्यात ते पूर्ण तीन महिने होते. सकाळी कानटोपी घालून कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खायला जात आणि, हृदयाच्या डॉक्टरांना हे सांगू नकोस, असे मला बजावत. निघायच्या आदल्या दिवशी आई बॅग भरत होती, तेव्हा त्यांनी स्वेटर आणि मफलर तिच्या हातातून घेतले, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्यांसह ठेवले आणि म्हणाले, "हे इथेच राहू दे. डोंबिवलीत याचे काय काम?"